विमा क्लेमची माहिती आणि विमेदाराचे हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिक्लेम असो, आयुर्विमा असो की गाडीचा विमा, क्लेम केला की तुमच्या नावाची एक फाइल उघडते. पैसे खात्यात जमा झाले की आपण ती विसरतो, पण कंपनीकडे ती राहते. पुढच्या पॉलिसीच्या वेळी, पोर्टिंगच्या (पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याच्या) वेळी किंवा दुसऱ्या क्लेमच्या छाननीत ती पुन्हा वर निघते. तिच्यात काय असतं, ती कोण वाचतं आणि तिच्यावर आपला किती हक्क आहे, याबद्दल लोक नेहमी विचारतात त्या प्रश्नांची ही उत्तरं आहेत. भर मेडिक्लेमवर आहे, कारण सर्वांत खाजगी माहिती त्यातूनच जाते.

क्लेम केला की माझी कोणती माहिती नोंदली जाते?

तुम्ही भरता तो फॉर्म आणि हॉस्पिटल भरतं तो फॉर्म, हे दोन मूळ कागद. त्यांच्यासोबत डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांची बिलं, ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील जातो. कंपनीने चौकशी लावली तर तपास अधिकाऱ्याचा अहवालही त्याच फाइलला लागतो. हा अहवाल विमेदाराला सहसा दाखवला जात नाही.

विमा कायदा १९३८ च्या कलम १४ नुसार प्रत्येक कंपनीला क्लेमची नोंदवही ठेवावीच लागते. क्लेम कधी आला, कोणी केला, पैसे कधी दिले आणि नाकारला असेल तर कधी व कोणत्या कारणाने, हे त्यात लिहावं लागतं. शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. कारण न नोंदवता क्लेम नाकारण्याची मुभा कायद्याने कंपनीला दिलेलीच नाही.

ही फाइल कंपनीबाहेर कोणाच्या हातात जाते?

वाटतं त्यापेक्षा बऱ्याच जणांच्या. हॉस्पिटलचा विमा कक्ष, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी त्रयस्थ संस्था), टीपीएने नेमलेला डॉक्टर, बाहेरची तपास संस्था, पुनर्विमा कंपनी (विमा कंपनी आपली जोखीम जिच्याकडे उतरवते ती), सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी, ग्रुप पॉलिसी असेल तर ब्रोकर. शिवाय एजंट असतोच, ज्याला आपण सगळे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळे होतो.

टीपीएने मिळालेली माहिती गुप्त ठेवली पाहिजे, असं इर्डाईच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, नियमांत आहे. क्लेम नाकारण्याचा निर्णयही विमा कंपनीचाच असावा लागतो, टीपीएचा नाही. एजंटच्या फोनमधल्या फोटोंवर मात्र कोणाची नजर नसते. कागद कंपनीच्या पोर्टलवर किंवा अधिकृत ईमेलवर पाठवा. एजंटला फार तर क्लेम क्रमांक कळवा.

एका कंपनीकडे केलेला क्लेम दुसऱ्या कंपनीला कळतो का?

कळू शकतो. २००९ साली नियामकाने इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो ऑफ इंडिया, म्हणजे आयआयबी, ही संस्था उभी केली. ती हैदराबादला आहे. कंपन्या पॉलिसी आणि क्लेमची माहिती तिला देतात. विमा कंपन्यांशी जोडलेल्या हॉस्पिटलांची ‘रोहिणी’ ही नोंदणीही तिच्याकडेच आहे.

मेडिक्लेम पोर्ट करताना जुनी कंपनी तुमची माहिती आयआयबीच्या पोर्टलवरूनच नव्या कंपनीला देते. इर्डाईच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार जुन्या कंपनीला त्यासाठी ७२ तास मिळतात आणि माहिती हाती आल्यावर नव्या कंपनीने ५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. म्हणून पोर्टिंगच्या फॉर्मवर “आधी क्लेम नाही” असं ठोकून देण्यात अर्थ नाही. गाडीच्या विम्यातही तेच. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधली सूट) २० ते ५० टक्क्यांपर्यंत मिळतो, म्हणून क्लेम लपवण्याचा मोह होतो. पण चुकीचं सांगून घेतलेली सूट पुढच्या क्लेमच्या वेळी अंगाशी येते.

मग माझा क्लेमचा इतिहास मला स्वतःला बघता येतो का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि उत्तर समाधानकारक नाही.

कर्जाच्या बाबतीत आपल्याला सवय झाली आहे. सिबिलसारख्या पत माहिती कंपन्यांसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येक पत माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत मिळतो. फेडलेलं कर्ज थकीत दिसत असेल तर हरकत घेता येते. क्लेमच्या माहितीसाठी तशी सोय नाही. तुमच्याबद्दल कंपन्या एकमेकींना काय कळवतात ते वर्षातून एकदा तुमच्याही हातात पडेल, असा नियम आपल्याकडे झालेला नाही.

अमेरिकेत घर आणि गाडीच्या विम्याच्या क्लेमचा ‘क्लू’ नावाचा अहवाल असतो. १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याखाली ग्राहकाला तो दर बारा महिन्यांनी मोफत मागता येतो. म्हणजे ही मागणी जगावेगळी नाही. फसवणूक रोखण्यासाठी कंपन्यांनी माहिती वाटून घ्यावी, याला माझा विरोध नाही. खोट्या क्लेमचा भुर्दंड शेवटी प्रामाणिक विमेदारांच्या प्रीमियमवरच पडतो. पण ज्या नोंदीवरून माझा विमा ठरणार ती मला बघता येऊ नये, याचं समर्थन कसं करणार? चुकीची नोंद सापडायची तर ती आधी दिसायला हवी.

तूर्त दोन वाटा आहेत. एक, आपल्याच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र देऊन पॉलिसीवरच्या सर्व क्लेमचा तपशील मागायचा. दुसरी, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३. त्याच्या कलम ११ नुसार आपल्या माहितीचा सारांश आणि ती कोणाकोणाला दिली हे विचारता येईल. मात्र या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि नागरिकांच्या हक्कांच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत.

क्लेम केला म्हणून मेडिक्लेमचं नूतनीकरण नाकारतील का?

नाही. आधी क्लेम केला एवढ्या कारणावरून वैयक्तिक मेडिक्लेमचं नूतनीकरण नाकारता येत नाही, आणि तुमच्या एकट्याच्या क्लेमवर बोट ठेवून तुमचा प्रीमियमही वाढवता येत नाही. वाढ झाली तर ती त्या योजनेतल्या सगळ्यांना लागू होते किंवा तुमचा वयोगट बदलल्यामुळे होते. साठलेला बोनस मात्र क्लेमनंतर कमी होऊ शकतो. विम्याची रक्कम वाढवून मागितलीत तर वाढीव रकमेपुरती नव्याने छाननी होईल.

ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून क्लेम केला. एचआरला माझा आजार कळतो का?

बऱ्याच ठिकाणी कळतो, आणि याची चर्चा फार कमी होते.

ग्रुप पॉलिसीचा पुढच्या वर्षीचा प्रीमियम यंदा किती क्लेम झाले यावर ठरतो. त्यामुळे टीपीए किंवा ब्रोकर मालकाला ठरावीक काळाने क्लेमचा तक्ता पाठवतो. प्रीमियमची घासाघीस करायला एकूण क्लेम किती, एकूण रक्कम किती आणि कोणत्या प्रकारच्या आजारांवर खर्च झाला एवढं पुरेसं आहे. पण तक्ता सरळ टीपीएच्या संगणकातून काढलेला असेल तर त्यात कर्मचाऱ्याचं नाव, रुग्णाशी नातं, हॉस्पिटल आणि निदान एकाच ओळीत असतं. वंध्यत्वावरचे उपचार, मनोविकार, गर्भपात, कर्करोग, सगळं. ती एक्सेल फाइल ईमेलवरून फिरते आणि तिला पासवर्ड असेलच असं नाही.

नव्या डेटा कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीशी संबंधित कामांसाठी, तसंच कर्मचाऱ्याने मागितलेला लाभ देण्यासाठी, संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे. नावासकट निदानाचा तक्ता या मुभेत बसतो की नाही, हे प्रकरण डेटा संरक्षण मंडळापुढे (या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढे) जाईल तेव्हाच ठरेल. मला विचाराल तर बसू नये.

तोवर एचआरला लेखी विचारा: क्लेमच्या अहवालात नावं येतात का आणि तो अहवाल कोण उघडतं? तीन-चार सहकाऱ्यांनी मिळून विचारलं की बरेचदा तक्त्यातून नावं गाळली जातात. खर्चिक किंवा नाजूक उपचार असेल आणि स्वतःची वेगळी पॉलिसी असेल, तर कोणत्या पॉलिसीतून क्लेम करायचा ते तुम्ही ठरवू शकता.

डिस्चार्ज समरीत आजाराचा काळ चुकीचा लिहिला आहे. त्याने काय फरक पडतो?

क्लेम पास होणार की नाही, हे त्या एका ओळीवर ठरू शकतं.

भरती होताना घाईत कोणीतरी नातेवाईक सांगतो, “बीपी आहे, झाली असतील आठ-दहा वर्षं.” निवासी डॉक्टर लिहितो, ‘नोन केस ऑफ हायपरटेन्शन सिन्स टेन इयर्स’. पॉलिसी असते चार वर्षांपूर्वीची. कंपनी म्हणते, आजार आधीपासून होता आणि तो लपवला. प्रत्यक्षात गोळी दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली असते, पण कागदावर दहा वर्षं लिहिलेली असतात आणि छाननी करणाऱ्यासमोर फक्त कागद असतो.

म्हणून घरी जाण्याआधी डिस्चार्ज समरी वाचा. आजाराचा काळ, व्यसनांची नोंद, अपघाताची हकिकत आणि भरतीची वेळ, या चार गोष्टी नीट पाहा. चूक असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तिथेच दुरुस्त करून सही-शिक्क्यासह घ्या. पुराव्यासाठी पहिलं प्रिस्क्रिप्शन, म्हणजे ज्यात ती गोळी पहिल्यांदा लिहिली गेली ते, जपून ठेवा. क्लेम नाकारल्यानंतर आणलेलं दुरुस्तीचं पत्र कंपन्या संशयाने बघतात. ते अगदीच निरुपयोगी नसतं, पण आधी आणलेल्या पत्राइतकं वजन त्याला येत नाही.

मूळ केस पेपर हवे असतील तर हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली नोंद डॉक्टरने ७२ तासांत द्यायची आहे. भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या आहेत. “विम्याचं काम आहे, कंपनीलाच देऊ” हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

जुना आजार सांगायचा राहिला असेल तर कंपनी किती वर्षं मागे जाऊ शकते?

मेडिक्लेममध्ये सलग ६० महिने विमा चालू राहिला की माहिती दडवल्याच्या कारणावरून पॉलिसीला किंवा क्लेमला आव्हान देता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. ही मुदत आधी आठ वर्षं होती, २०२४ मध्ये पाचवर आली. पोर्ट केलं तरी आधीचे महिने धरले जातात. मधे रक्कम वाढवली असेल तर वाढीव भागाचे ६० महिने वाढवल्यापासून मोजायचे. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा ही वेगळी गोष्ट आहे आणि ती आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते.

आयुर्विम्यात विमा कायद्याचं कलम ४५ लागू होतं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं उलटली की कोणत्याही कारणाने पॉलिसीवर प्रश्न उपस्थित करता येत नाही. पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली असेल तर ती तीन वर्षं चालू केल्यापासून मोजतात.

क्लेम नाकारला, पत्रात फक्त “अटींनुसार देय नाही” एवढंच आहे. चालतं का?

चालत नाही. इर्डाईच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नाकारला ते नेमकं सांगावं लागतं, आणि कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय नाकारता येत नाही. कंपनीला ईमेल करून तीन गोष्टी मागा: अटीचा क्रमांक, कमिटीच्या निर्णयाची तारीख आणि ज्या वैद्यकीय नोंदीवर निर्णय घेतला तिची प्रत. उत्तर आलं नाही तर तोही पुढे विमा लोकपालांपुढे (कंपनीविरुद्धच्या तक्रारी मोफत ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे) तुमच्या बाजूचा मुद्दा होतो.

कॅशलेसच्या मंजुरीला किती वेळ लागायला हवा?

पहिल्या विनंतीवर एका तासात निर्णय. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलकडून अंतिम बिल गेल्यापासून तीन तासांत मंजुरी. उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा.

जाहिरातीत “९८ टक्के क्लेम मंजूर” लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवायचा का?

आधी विचारा, टक्के कशाचे? संख्येचे की रुपयांचे?

पाच लाखांच्या बिलापैकी तीन लाख दिले तरी तो क्लेम ‘सेटल’ म्हणूनच मोजला जातो. संख्येच्या हिशेबात ते शंभर टक्के यश दिसतं. दोन लाख खिशातून भरणाऱ्याला मात्र ते तसं वाटत नाही.

इर्डाईच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालातले आरोग्य विम्याचे आकडे बघा. सुमारे ३.२६ कोटी क्लेमपैकी २.६९ कोटी, म्हणजे ८२ टक्क्यांच्या आसपास, निकालात निघून पैसे दिले गेले. रुपयांत मात्र सुमारे १.१७ लाख कोटींच्या क्लेमपैकी ८३,४९३ कोटी, म्हणजे ७१ टक्के. अटींवर बोट ठेवून अमान्य केलेली रक्कम जवळपास १५,१०० कोटी होती. ८२ आणि ७१ यांमधलं अंतर म्हणजे बहुतांशी ती कापाकापी: खोलीभाड्याची मर्यादा, त्या प्रमाणात इतर बिलात केलेली कपात, हातमोजे-सिरिंजसारख्या वस्तू, ‘वाजवी खर्च’ या नावाखाली केलेली छाटणी.

तिसरा आकडाही डोळ्यांसमोर नाचवला जातो, इन्कर्ड क्लेम रेशो. गोळा केलेल्या प्रीमियमच्या तुलनेत क्लेमवर किती गेलं, हे तो सांगतो. तुमचा क्लेम मंजूर होण्याची शक्यता त्यातून कळत नाही.

खरा तपशील हवा असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर ‘पब्लिक डिस्क्लोजर्स’ विभाग शोधा. दर तिमाहीला तिथे फॉर्म टाकावे लागतात. साधारण विमा आणि आरोग्य विमा कंपन्यांसाठी एनएल-३७ मध्ये क्लेमचे आकडे असतात, एनएल-४५ मध्ये तक्रारींचे. आयुर्विम्यासाठी एल-४० आणि एल-४१ बघा. त्यातही क्लेम किती जुने होऊन पडलेत ते आधी तपासा. आकडे रुक्ष आहेत, पण जाहिरातीपेक्षा भरवशाचे.

नियामकाने एकच गोष्ट करावी असं मला सुचवायचं झालं तर ती ही: विमेदारांनी मागितलेल्या शंभर रुपयांपैकी किती दिले हा आकडा प्रत्येक कंपनीने योजनेनुसार, जाहिरातीत संख्येच्या आकड्याशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावा.

फॉर्मवर “कोणत्याही डॉक्टरकडून माहिती घ्यायला संमती” असं छापलेलं असतं. ते खोडता येईल का?

खोडलं तर क्लेम अडकेल. क्लेमपुरती वैद्यकीय माहिती तपासण्याचा कंपनीला हक्क आहेच. पण त्याच कागदावर “आमच्या समूहातील कंपन्या व भागीदारांना विक्रीसाठी माहिती देण्यास संमती” असा वेगळा चौकोन असेल तर तो मोकळा सोडा. त्यावरून क्लेम अडवता येत नाही.

डेटा कायद्यात तर थेट विमा कंपनीचंच उदाहरण दिलेलं आहे. पॉलिसी घेताना ग्राहकाकडून “डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करणार नाही” अशी संमती घेतली, तर संमतीचा तेवढा भाग बाद. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे, असंही कायदा म्हणतो. म्हणजे मराठीत मागा. मेडिक्लेमचं ग्राहक माहिती पत्रकही मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावं लागतं. मागणारे वाढले तरच ते छापून तयार राहील.

मानसिक आजार किंवा एचआयव्हीची नोंद क्लेममध्ये गेली तर?

या दोन्हींसाठी स्वतंत्र कायदे आहेत आणि दोन्ही २०१७ चे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देणं बंधनकारक केलं आणि रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्क मानला. एचआयव्हीच्या कायद्यानुसार संमतीशिवाय संसर्गाची माहिती उघड करता येत नाही. नव्या डेटा कायद्यात मात्र आरोग्याच्या माहितीला वेगळं, अधिक कडक संरक्षण नाही. तुमचा मोबाइल नंबर आणि तुमचा बायोप्सी रिपोर्ट तिथे एकाच पंक्तीत बसतात. आयटी कायद्याखालच्या २०११ च्या जुन्या नियमांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ म्हणून वेगळ्या काढल्या होत्या. ही पायरी आपण खाली उतरलो.

कंपनीचा डेटा फुटला तर मला कळवतील का? भरपाई मिळेल का?

हा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ या मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांचे पॉलिसी आणि क्लेमचे कागद टेलिग्रामवरच्या चॅटबॉटमधून मिळत असल्याची बातमी रॉयटर्सने दिली. आपल्यावर सायबर हल्ला झाला आणि काही माहितीपर्यंत बेकायदा शिरकाव झाला, हे कंपनीने मान्य केलं आणि मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली.

कागदावर नियम बरेच आहेत. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला, कळवायची असते. पण ते सरकारला कळवणं झालं. डेटा कायदा पूर्ण लागू झाल्यावर प्रत्येक बाधित ग्राहकालाही विनाविलंब कळवावं लागेल आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर माहिती द्यावी लागेल. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

आता बारीक अक्षर वाचा. हा दंड सरकारजमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद नव्या कायद्यात नाही. आयटी कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये ती होती. नवा कायदा पूर्ण लागू होताना ते कलम वगळलं जाणार आहे. तोपर्यंत नुकसान दाखवता येत असेल तर राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, ५ कोटींपर्यंतचा दावा करता येतो. फार थोडे लोक करतात.

“तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकलाय” असे फोन येतात आणि त्यांना पॉलिसी क्रमांकही माहीत असतो.

क्रमांक माहीत असणं हा खरेपणाचा पुरावा नाही. माहिती कुठून तरी बाहेर पडली आहे एवढाच त्याचा अर्थ. इर्डाई कोणालाही फोन करून पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही. फोन ठेवा आणि कंपनीच्या वेबसाइटवरच्या क्रमांकावर स्वतः फोन लावून खात्री करा.

आभा क्रमांक दिला नाही तर क्लेम अडेल का?

आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा सरकारी क्रमांक, ऐच्छिक आहे. १४ अंकी क्रमांकाला तुमच्या आरोग्य नोंदी जोडता येतात आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या क्लेम एक्स्चेंजवरून हॉस्पिटल व विमा कंपनी यांच्यात कागद ठरावीक स्वरूपात जाऊ शकतात. त्याने काम वेगाने होईल हे खरं. पण जोडलेल्या नोंदी कोणाला आणि किती काळ दाखवायच्या, ती संमती प्रत्येक वेळी वाचून द्या. एका मोतीबिंदूच्या क्लेमसाठी सगळा इतिहास उघडायची गरज नसते.

माहिती एकत्र आली म्हणून ती अचूक झाली असंही नाही. आयुष्मान भारत योजनेवरच्या २०२३ च्या कॅग अहवालात सुमारे ७.४९ लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले होते.

पॉलिसी बंद केली. माझी माहिती पुसून टाका म्हणता येईल का?

लगेच नाही. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यानुसार संबंध संपल्यावरही पाच वर्षं नोंदी ठेवाव्या लागतात. जाहिरातीसाठीचा वापर मात्र आजच थांबवायला सांगू शकता.

सरकारी विमा कंपनीकडची माझी फाइल माहिती अधिकारात मिळते का?

हो, आणि ही वाट लोक फार कमी वापरतात. एलआयसी, न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया यांना माहिती अधिकार कायदा लागू आहे. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. आपल्याच क्लेमच्या फाइलवरच्या टिपण्या, डॉक्टरांचं मत आणि नाकारण्याचा निर्णय कोणी घेतला त्याची प्रत मागा. तपास अहवालासाठी टाळाटाळ होईल, तेव्हा अपील करा. खाजगी कंपन्यांना हा कायदा थेट लागू नाही.

तक्रार कोणत्या क्रमाने करायची?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी. सोबत इर्डाईच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा किंवा १५५२५५ वर फोन करा. कंपनीने १४ दिवसांत निकाल द्यायचा असतो.

महिनाभर उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत. शुल्क नाही, वकील चालत नाही, मर्यादा ५० लाख रुपये. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत गेलं पाहिजे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. ३० दिवसांत तो पाळला नाही तर मेडिक्लेमच्या प्रकरणात कंपनीला विमेदाराला दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. जिल्हा आयोगाची ५० लाखांची मर्यादा तुम्ही भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे प्रीमियमवर, मोजतात. त्यामुळे एक कोटीच्या क्लेमसाठीही बहुधा जिल्हा आयोगातच दाद मागता येते. एक पथ्य पाळा: तोच वाद ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत. त्यामुळे आधी लोकपाल, मग आयोग.

माझ्या मृत्यूनंतर या माहितीवर हक्क कोणाचा?

डेटा कायद्याच्या कलम १४ मध्ये त्यासाठी वेगळं नामांकन आहे. पॉलिसीच्या पैशांसाठी नेमलेला नॉमिनी आपोआप तुमच्या माहितीचा नॉमिनी होत नाही. ती तरतूद लागू झाली की दोन्ही ठिकाणी नाव द्यावं लागेल. तोपर्यंत घरातल्या एका माणसाला पॉलिसी क्रमांक, टीपीएचं नाव आणि जुन्या क्लेमचे कागद कुठे ठेवलेत, हे सांगून ठेवा.